गोठ्यातला पिंपळ, गॅरेजमधला मेपल

डिसेंबर लागला की आमच्या फोनची सुरुवात 'कशी आहेस'ने होत नाही, 'आज किती?'ने होते. इकडे शिकागोजवळ संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, तिकडे निफाडला सकाळचे सात, अण्णा द्राक्षबागेत एक चक्कर मारून ओट्यावर येऊन बसलेले, कानाला मफलर, हातात चहा, मागे आईची भांड्यांची आदळआपट. अण्णा सांगतात साडेपाच. मी सांगते उणे अकरा. मग ते लगेच विचारतात, "झाडं कुठंयत?"

झाडं म्हणजे माझी बोन्साय. इकडे नऊ आहेत आणि एक पिंपळ तिकडे अण्णांजवळ. थंडी दोन्हीकडे आहे पण ती एक नाही, आणि एवढं कळायला माझं एक झाड गेलं, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवावंसं वाटतंय.

पिंपळापासून सुरू करते. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते, कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमधे. गच्चीच्या कठड्यात पावसाळी पाइपाच्या बाजूला एक वीतभर पिंपळ उगवला होता आणि भिंतीला तडा जाईल म्हणून सोसायटीने त्याच्यावर ॲसिड ओतायचं ठरवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू बोन्साय करायच्या, दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जायच्या आणि मलाही ओढून न्यायच्या. त्या म्हणाल्या, "अगं मारायचं कशाला, आपण काढू." छिन्नी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोन रविवार आम्ही दोघी तो कठडा खरवडत बसलो होतो. एक मूळ विटेत इतकं घुसलेलं की सुटेचना, काकू म्हणाल्या राहू दे, विटेसकट लाव. तो लिंबाएवढा विटेचा तुकडा अजून आहे त्याच्या बुंध्याशी, आता मुळांनी त्याला सगळीकडून मुठीत धरल्यासारखं धरलंय.

पुण्याच्या थंडीचं काकूंचं गणित साधं होतं. रात्री दहा-बारा, दुपारी तीस, हवा एकदम कोरडी. अशा हवेत वड-पिंपळ-उंबर थंडीने मरत नाहीत, तहानेने मरतात, कारण बोन्सायचा ट्रे असतो दोन-तीन इंच उथळ, आणि आपल्याला वाटतं थंडी आहे, कशाला रोज पाणी. बोट मातीत खुपसून बघायचं आणि ऊन आल्यावर पाणी घालायचं, संध्याकाळी नाही, रात्रभर मुळं गार पाण्यात बसू नयेत म्हणून. खत बंद. कुंडी बदलायची नाही, फाल्गुन येईपर्यंत मुळांना हात लावायचा नाही. अडेनियम असेल तर त्याचं पाणी जवळजवळ तोडायचं, नाहीतर त्याचा तो फुगीर गड्डा आतून कुजतो आणि बाहेरून कळतही नाही. आणि पिंपळाने पानं टाकली तर रडत बसायचं नाही. हे शेवटचं मला फार अवघड गेलं, पहिल्या वर्षी पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा मी दिवसातून दोनदा पाणी घालत होते, काकूंनी येऊन पाण्याचा मगच हातातून काढून घेतला. "त्याला जे करायचंय ते करू दे ना," म्हणाल्या. तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं.

2015 मधे आम्ही इकडे आलो. पिंपळ अण्णांकडे दिला. नोव्हेंबर महिना, झाडं सगळी खराट्यासारखी झालेली, दुपारी साडेचारला अंधार, घरात एकही हिरवी गोष्ट नाही, आणि एका दुकानात मला जुनिपरचं छोटंसं बोन्साय दिसलं. बुटका, एका बाजूला झुकलेला, बारीक निळसर हिरवी पानं. घेतलं. दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलं, खाली हीटरची जाळी, म्हणजे छान उबेत. बाहेर उणे दहा असताना झाड बाहेर ठेवायचं हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही, आपण लेकराला ठेवू का बाहेर? त्याच डिसेंबरमधे ग्लेन्कोला शिकागो बोटॅनिक गार्डनला जाऊन आले, तिथे बोन्सायचा मोठा संग्रह आहे असं वाचलं होतं, तर अंगणातले सगळे ओटे रिकामे. हिवाळ्यात झाडं आत नेतात असं कळलं. मला बरं वाटलं, म्हणजे आपणही बरोबरच करतोय. आत म्हणजे कुठे, किती थंड जागेत, हे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही.

जुनिपर जानेवारीत हिरवं होतं. फेब्रुवारीतही हिरवं होतं. मी बोट खुपसून पाणी घालत होते, सकाळी पानांवर फवारा मारत होते, रात्री झोपताना खिडकीशी जाऊन बघत होते. एक दिवस फवारा मारताना फांदीला हात लागला आणि पानं कागदाच्या फुलासारखी कुरकुरली. नखाने साल थोडी खरवडली. जिवंत फांदी असेल तर सालीखाली ओला हिरवा पदर दिसतो, काकडीच्या सालीसारखा. तिथे तपकिरी होतं, कोरडं. दुसऱ्या फांदीवर बघितलं, तपकिरी. बुंध्यावर बघितलं. नंतर वाचून कळलं की जुनिपर मेलं तरी आठवडेच्या आठवडे हिरवं दिसत राहतं, रंग उशिरा जातो. म्हणजे मी महिनाभर तरी मेलेल्या झाडाला पाणी घालत होते. ते आठवलं की अजूनही पोटात तुटतं, कारण त्याच्यासाठी मी काय करायचं बाकी ठेवलं होतं?

अण्णांना फोनवर सांगितलं. मला वाटलं म्हणतील जाऊ दे, दुसरं आण. ते म्हणाले, "ताई, त्याला झोपूच दिलं नाहीस तू."

मग ते द्राक्षाचं सांगायला लागले आणि मी ते आयुष्यभर बघत आलेली असून पहिल्यांदा ऐकत होते. द्राक्षवेल मूळची थंड देशातली, तिकडे हिवाळा आला की पानं टाकते आणि महिनोनमहिने झोपते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही. निफाड कितीही गारठलं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात छापून आला, तरी दुपारी ऊन असतंच. म्हणून आपण वेलीला झोपेऐवजी दोन छाटण्या देतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीचे डोळे, म्हणजे कोंब, सगळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. लहानपणी बायका हातमोजे घालून एकेका डोळ्याला ती पेस्ट लावत पुढे सरकायच्या आणि आम्हा पोरांना बागेत पाय ठेवायची बंदी असायची, औषध विषारी. ती पेस्ट म्हणजे न झालेल्या झोपेतून उठवायचं औषध आहे हे मला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. "वेलीला पेस्ट लावून उठवता येतं," अण्णा म्हणाले, "तुझ्या झाडाला कोण उठवणार?"

तिथून मी शिकायला लागले. थंड देशातल्या झाडांना, म्हणजे मेपल, लार्च, जुनिपर, पाइन यांना दिवस लहान झाला की आणि गारठा वाढला की आतून सुस्ती येते, वाढ थांबते, आणि मग शून्य ते सात अंशांच्या आसपास काही आठवडे, खरं तर दोन-तीन महिने, काढावे लागतात. तेवढी थंडी मोजून झाली की मगच ते झाड वसंतात नीट फुटतं. ती न मिळता बावीस अंशाच्या खोलीत ठेवलं, वर हीटरची भट्टीसारखी कोरडी हवा, खिडकीतलं कमी ऊन, तर ते ना झोपतं ना जगतं.

पण म्हणून बाहेर बर्फात सोडून द्यायचं का? तर तेही नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. जमिनीतला जपानी मेपल इकडचा हिवाळा बऱ्यापैकी काढतो, त्याच्या फांद्या उणे वीससुद्धा सोसतात. पण मुळं तेवढी काटक नसतात. मेपलची मुळं उणे आठ-दहाच्या खाली गेली की मरायला लागतात. जमिनीत मुळांना काही होत नाही कारण खालच्या मातीत ऊब असते, वर पडलेला बर्फ गोधडीसारखा असतो. ट्रेमधल्या मुळांना मात्र चारी बाजूंनी आणि खालूनही वारा. म्हणजे फांद्यांना थंडी हवी आणि मुळांना पांघरूण हवं, एकाच झाडाला. वारा तर थंडीपेक्षा वाईट, ट्रे गोठलेला असताना मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वरून वारा फांद्या सुकवत राहतो, बर्फात उभं असलेलं झाड तहानेने जातं. पुण्याच्या काकू काय वेगळं सांगत होत्या?

आता माझी पद्धत अशी आहे. ऑक्टोबरभर झाडं बाहेरच, पहिली दोन-तीन हलकी हिमं अंगावर घेऊ द्यायची, पानं गळू द्यायची, त्याशिवाय झोप लागत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी घरामागच्या सुट्या गॅरेजमधे, जिथे हीटर नाही. खाली थर्माकोलची शीट, त्यावर ट्रे एकमेकांना चिकटून, मधल्या फटींत वाळका पाला आणि सालीचा भुसा. पानझडी झाडांना उजेड लागत नाही तेव्हा, पानंच नाहीत तर उजेड कशाला. पाणी पंधरा-वीस दिवसांनी, माती ओलसर राहील इतकंच. त्यातही मी पाणी ओतत नाही, बाहेरचा बर्फ घमेल्यात भरून आणते आणि मूठ-मूठ ट्रेवर ठेवते. गॅरेज शून्याच्या वर गेलं की तो आपोआप विरघळतो, खाली असेल तर तसाच बसून राहतो. झाडाला जेव्हा पाणी घेता येतं तेव्हाच पाणी मिळतं. हे मला फार आवडतं.

फांदीवरचा डोळा जवळून बघायचा असेल तर तो आत्ता बघावा, डिसेंबर-जानेवारीत. मेपलचे डोळे जोडीजोडीने असतात, समोरासमोर, मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढे, तांबडे, वर खवल्यांची घट्ट घडी. नखाने दाबलं तर टणक लागतात. टणक असले की मी निश्चिंत होते.

2017 च्या फेब्रुवारीत इकडे अचानक ऊन पडलं, तापमान वीसपर्यंत गेलं, माणसं टी-शर्टवर फिरत होती, सगळे खुश. मी गॅरेजमधे जाऊन मेपलचे डोळे दाबून बघितले तर मऊ. झोप पूर्ण झालेली होती, आता नुसती ऊब लागली की ते उठणार, आणि एकदा डोळा फुटला की त्याच्यात थंडी सोसायची ताकद राहत नाही, मार्चमधल्या एका हिमात सगळा कोवळा पाला काळा पडतो. मग मी उलटं सुरू केलं. रात्री गॅरेजचं दार उघडं टाकायचं, थंडी आत भरून घ्यायची, आणि सकाळी सूर्य यायच्या आत बंद करून ती कोंडून ठेवायची. शेजारच्यांना काय वाटलं असेल माहीत नाही. आठ दिवस असंच केलं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, अवकाळीचं असंच असतं, पीक तयार नसताना हवा येऊन उभी राहते.

आणि मग 30 जानेवारी 2019. त्या दिवशी शिकागोत उणे 30. शाळा बंद, ऑफिसं बंद, पोस्ट बंद. गरम पाणी हवेत उडवलं तर खाली येईपर्यंत बर्फाची धूळ. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधलं तापमान उणे सहा होतं आणि ते तासातासाला उतरत होतं, मी सेन्सर ठेवलाय तिथे, त्याचा आकडा घरात दिसतो. उणे सात. उणे आठ. तिथे मला बसवेना. घरात आईने शिवलेल्या दोन गोधड्या होत्या, जुन्या नऊवारीच्या, येताना बॅगेत वजन होत होतं तरी आणलेल्या. त्या उचलल्या, गॅरेजमधे गेले, श्वास नाकात गोठत होता, आणि सगळ्या ट्रेंवर फांद्या न मोडता त्या घातल्या, कडा खाली नीट खोचल्या, आम्हाला लहानपणी आई खोचायची तशा. वायर लांबवून एक छोटा हीटर लावला, झाडांपासून दूर, भिंतीकडे तोंड करून. झाडं गरम करायची नव्हती, फक्त उणे आठच्या खाली जाऊ द्यायचं नव्हतं. रात्रभर दर तासाला उठून आकडा बघितला. सकाळी उणे सहा. पुढच्या एप्रिलमधे सगळी फुटली, एक लार्च सोडून, त्याची एक बाजू गेली. ती बाजू मी कापली नाही, सोलून पांढरी ठेवलीय.

त्याच आठवड्यात आगगाडीच्या रुळांचे फोटो सगळीकडे फिरत होते. इकडे कडाक्याच्या थंडीत रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्या बाजूला गॅसच्या ज्वाळा पेटवतात, बर्फात लांबच लांब आगीच्या ओळी. मी तो फोटो अण्णांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "तिकडं पण शेकोट्या!"

निफाडच्या शेकोट्या मी शेवटच्या बघितल्या त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबरमधे गेले होते तेव्हा. पहाटे चारला अण्णांनी उठवलं, शेतीची लाइट रात्रीची होती. विहिरीवर गेलो तर पाण्यातून वाफ निघत होती. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, ते बागेत सोडलं की जमीन लवकर गार पडत नाही, मण्यांची फुगवण थांबायची, मणी तडकायची भीती जरा कमी होते. बांधाच्या कडेने जुन्या काड्यांच्या शेकोट्या पेटवलेल्या, धूर वर न जाता बागेच्या मांडवावर पसरून बसलेला. अण्णांच्या खिशातला थर्मामीटर पाच दाखवत होता. मी त्यांच्या मागून बॅटरी घेऊन चालत होते आणि वाटलं, मी त्या परक्या देशात गॅरेजमधे जे करते ते इथूनच तर आलंय. वाचून फक्त आकडे कळले.

मग त्यांनी मला गोठ्यात नेलं. दोन गाई आणि एक म्हैस, वर पत्रा, आत शेणाचा आणि कडब्याचा उबदार वास, बाहेरच्या हवेपेक्षा सरळ चार-पाच अंशांनी गरम. भिंतीला गाईच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर अण्णांनी फळी ठोकलेली आणि तिच्यावर माझा पिंपळ, ट्रेला गोणपाट गुंडाळलेलं. सूर्य मावळला की आत, सकाळी आठला ऊन ओट्यावर आलं की बाहेर, दोन महिने रोज. पिंपळ आपल्याच मातीतला, जमिनीत असता तर त्याने पाच अंश कुणाला न सांगता सोसले असते, पण ट्रेमधल्या मुळांचं दुखणं दोन्ही देशांत सारखंच. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं असं करायला.

घरातल्या झाडांबद्दल फार लिहीत नाही. माझ्याकडे एक नांदरुक आणि एक जेड आहे, ही उष्ण हवेतली मंडळी, दहा-बाराच्या खाली यांना आत घ्यावंच लागतं. नांदरुक आत आणल्यावर रागावल्यासारखं पानं गाळतं, जागा बदलल्याचा आणि उजेड कमी झाल्याचा राग तो, महिन्याभरात शांत होतं. दिवा लावा, हीटरच्या झोतापासून लांब ठेवा, संपलं.

मुंबईकरांसाठी मात्र एक सांगायचंय. माझ्या डोंबिवलीच्या मावसभावाने ऑनलाइन मेपल मागवला होता, फोटोतली लाल पानं बघून. तिकडे रात्रीसुद्धा सतरा-अठरा. मेपलने पानं धड टाकली नाहीत, धड ठेवली नाहीत, कडा करपत राहिल्या, दुसऱ्या वर्षी फूट बारीक आली आणि तिसऱ्या वर्षी आलीच नाही. त्याने पाणी, खत, सावली सगळं केलं. झोप विकत मिळत नाही. उष्ण देशांतले काही हौशी लोक अशी झाडं हिवाळ्यात फ्रिजमधे ठेवतात आणि ती जगतातही, पण मला विचाराल तर कोकणपट्टीत वड, उंबर, चिंच, कामिनी, बोगनवेल करावीत, त्यांना तिथला हिवाळा म्हणजे सुखाचे दिवस. जपानमधे ओमिया म्हणून बोन्सायचं गाव आहे, 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले तिकडे गेले आणि 1925 पासून ते गाव वसलं. तिथल्यासारख्या जुन्या बागांमधे हिवाळ्यासाठी मुरो म्हणून आडोशाची शेड असते. ती झाडं उबवायला नसते, वारा आणि कडक हिम अडवायला असते, थंडी आत येतेच. ज्यांनी ही कला वाढवली त्यांचीसुद्धा शेवटी शेडच, अण्णांच्या गोठ्यासारखी.

हे लिहायला बसले तेव्हा बाहेर उणे चौदा होतं, आता उणे सतरा आहे. रात्री एकोणीस सांगितलंय. गोधड्या घालून आलेय. दुपारी, म्हणजे तिकडच्या रात्री, अण्णांनी मध्येच उठून फोटो पाठवला होता, पिंपळ एकदम उघडा, एक पान नाही, नुसत्या फांद्या आणि मुळांतला तो विटेचा तुकडा. खाली लिहिलं होतं, 'गळला. पाणी कमी केलं.' मी गॅरेजमधे गेले, गोधडी एका कोपऱ्यातून उचलली, मेपलचे दोन डोळे दाबून बघितले, टणक होते. ट्रेवर मूठभर बर्फ ठेवला आणि दार लावून घेतलं.